शंख कोणाच्या हाती? : कथा-कादंबऱ्यांतील सत्ता, नेतृत्व आणि आज्ञापालन

गतवर्षी इयत्ता नववीच्या वर्गात आमच्या हातून एक चूक झाली. थोरल्या माधवराव पेशव्यांविषयी टिपणे उतरवून देत असता फळ्यावर आम्ही त्यांचा जन्म १७४५ साली झाला असे लिहिले, आणि खालच्याच ओळीत त्यांना पेशवेपदाची वस्त्रे १७१६ साली मिळाली असे लिहून मोकळे झालो. १७६१ मधील दोन आकड्यांनी आपापल्या जागा बदलल्या होत्या. वर्गात अडतीस मुलेमुली होती. कोणी चकार शब्द काढला नाही. पुढे वह्या तपासावयास घेतल्या तेव्हा अडतीसच्या अडतीस वह्यांत माधवराव जन्मापूर्वी एकोणतीस वर्षे राज्यकारभार पाहू लागले होते! एका मुलीच्या वहीत मात्र समासात शिसपेन्सिलीने, दिसेल न दिसेल असा, १७६१ हा आकडा होता. ओळीत शाईने १७१६च. तिला जवळ बोलावून विचारले, "तुला ठाऊक होते ना?" तिने मान हलविली. "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "फळ्यावर तसे होते, सर."

या उत्तराने आम्हांस बरेच दिवस अस्वस्थ केले. आपल्या मराठीत 'ऐकणे' हा एकच शब्द दोन कामे करतो. पाऊस पडलेला आपण ऐकतो आणि वडिलांचेही ऐकतो. घरी आम्ही कोंकणी बोलतो. तेथेही 'आवयचें आयक' म्हणजे आई सांगते तसे कर, एवढाच अर्थ. कानांनी ग्रहण करणे आणि आज्ञा मानणे यांत आमच्या पूर्वजांना निराळा शब्द योजण्याजोगे अंतर दिसले नसावे. कथाकार मात्र नेमक्या याच अंतरात आपले बिऱ्हाड थाटतात. हुकूम कानी पडला आणि हात उचलला गेला, या दोहोंच्या मध्ये माणसाच्या मनात जे घडते, किंवा घडत नाही, तेच त्यांचे भांडवल.

या विषयावर शाळेतील मुलांनी वाचावी अशी एक इंग्रजी कादंबरी आहे. विल्यम गोल्डिंग या लेखकाने ती लिहिली व १९५४ साली ती प्रसिद्ध झाली. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' हे तिचे नाव. गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात आरमारात होते आणि व्यवसायाने शाळामास्तर. पुढे १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांचे स्वभाव त्यांनी पुस्तकांतून नव्हे, बाकांवरून ओळखले होते, हे पानोपानी जाणवते. युद्धाच्या धामधुमीत मुलांना घेऊन जाणारे एक विमान कोसळते आणि काही इंग्रज मुले एका निर्जन बेटावर सापडतात. मोठे माणूस एकही नाही. राल्फ नावाचा एक मुलगा आणि चष्मा लावणारा, दमेकरी, सगळ्यांच्या थट्टेचा विषय झालेला पिगी, यांना समुद्रात एक मोठा शंख मिळतो. तो कसा फुंकावा हे पिगीला ठाऊक असते, परंतु फुंकतो राल्फ. त्या आवाजाने इतस्ततः विखुरलेली मुले गोळा होतात.

मग नायकाची निवड होते. हा प्रसंग आम्ही वर्गात दोनदा वाचून दाखविला. राल्फने अद्यापि कोणताच पराक्रम केलेला नाही. बुद्धी म्हणावी तर ती पिगीपाशी; हुकूम देण्याची सवय म्हणावी तर ती जॅकपाशी. हा जॅक शाळेच्या गायकवृंदाचा मुख्य. भर उन्हात काळे झगे घातलेल्या मुलांना तो रांगेने चालवीत आणतो. त्यांतला एक मूर्च्छा येऊन पडतो, तेव्हा कोठे रांग मोडते. तथापि मुले निवडतात राल्फला, आणि त्याचे मोठे कारण हेच की शंख त्याच्या हाती आहे. जॅकच्या बाजूने केवळ त्याचे गायक हात वर करतात, तेही कंटाळलेल्या, सवयीच्या आज्ञाधारकपणाने. शंखाला भुलून वर गेलेले हात आणि धाकाने वर गेलेले हात, दोन्ही एकाच वाळूवर दिसतात. पूर्ण विचार करून वर गेलेला हात शोधू गेल्यास कदाचित एकट्या पिगीचा निघेल, आणि तोही नाखुशीने व सर्वांच्या मागून वर झालेला.

राल्फचा नियम साधा आहे: ज्याच्या हाती शंख, त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे. येथे सत्ता कोणा व्यक्तीची नसून वस्तूची आहे, आणि ती वस्तू हातोहात फिरते. लहानग्या मुलालाही ती मागता येते. लोकसभा म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जितके कळत नाही तितके या एका शंखावरून कळते, असे आम्हांस वाटते. डोंगरावर सतत धूर करीत राहावे, म्हणजे एखादे जहाज तो पाहील, हा राल्फचा दुसरा आग्रह. परंतु लाकडे वाहण्याच्या कामात मौज कोणती? जॅक रानडुकराच्या शिकारीला निघतो तेव्हा विस्तवाच्या राखणीवरच्या मुलांनाही ओढून नेतो. विस्तव विझतो आणि नेमके त्याच वेळी एक जहाज दूरवरून निघून जाते. अपराध जॅकचा, तो क्षमाही मागतो, आणि त्या क्षमायाचनेवरच मुले खूश होतात! मग मांस भाजले जाते. खाणार नाही असे राल्फने मनात आणलेले असते. पण भूक अनावर होऊन तोही खातो. लेखकाने येथे राल्फवर दया दाखविली नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ज्याच्या हातचे आपण खाल्ले त्याला नाही म्हणणे दुसऱ्या दिवशी किती जड जाते, हे संसारी वाचकांना सांगणे नको.

याहून सूक्ष्म प्रसंग पुढे आहे. जॅक भर सभेत विचारतो की, राल्फ नायक नको असे कोणाला वाटते? एकही हात वर होत नाही. जॅक रडकुंडीस येऊन निघून जातो. राल्फला वाटते, आपण जिंकलो. आणि त्यानंतर एकेक मुलगा, कोणाला न सांगता, जॅकच्या टोळीत जाऊन मिळतो. हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे! सभेतील मौन म्हणजे संमती, असे समजणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने (आणि प्रत्येक शिक्षकाने) हे पान वाचावयास हवे. आमच्या त्या अडतीस वह्या आम्हांस येथे आठवल्या.

जॅकच्या राज्यात शंख नाही. तेथे तोंडाला रंग फासलेला नायक उंच जागी बसतो आणि हुकूम सोडतो. एका मुलाला बांधून मार द्यावयाचे ठरते. कशासाठी, हे मारणाऱ्यांनाही ठाऊक नसते आणि कोणी विचारीतही नाही. रॉजर नावाचा एक मुलगा आहे. आरंभी तो एका लहान मुलाच्या दिशेने दगड फेकतो, पण मुद्दाम नेम चुकवून; कारण आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांचे अदृश्य रिंगण अजून त्या मुलाभोवती उभे असते. शेवटी तोच रॉजर कड्यावरून प्रचंड शिळा लोटून देतो. तिच्याखाली पिगी मरतो आणि त्याच्या हातातील शंखाचा चुरा होतो. मधल्या काळात रॉजर बदलला असे नव्हे. ते रिंगण तेवढे पुसले गेले. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सायमन हा बेटावरचा सर्वांत निरुपद्रवी मुलगा. नाचाच्या धुंदीत मुले त्याला श्वापद समजून ठार मारतात, आणि त्या नाचात राल्फ व पिगीही होते. चांगला पक्ष आणि वाईट पक्ष अशी सोपी वाटणी लेखकाने आपणांस करू दिलेली नाही.

तर मग मुले एकटी सोडली की रानटी होतात, असाच सिद्धान्त यातून काढावयाचा काय? कित्येक जण तसा काढतात, आणि आमच्या मते ते चुकतात. प्रशांत महासागरातील टोंगा द्वीपसमूहात १९६५ साली एका निवासी शाळेतील सहा मुले होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि आता नावाच्या ओसाड बेटाला लागली. १९६६ साली पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन नाखव्याने त्यांची सुटका केली. मधल्या सुमारे पंधरा महिन्यांत त्यांनी कामाच्या पाळ्या ठरवून घेतल्या होत्या आणि पेटविलेला विस्तव विझू दिला नव्हता. भांडण झाले की भांडणाऱ्यांनी बेटाच्या दोन टोकांना जाऊन राग शमेपर्यंत बसावे, असा त्यांचा नियम होता. एकाचा पाय मोडला. इतरांनी तो बांधून बरा केला आणि त्याच्या वाटणीचे काम आपसांत वाटून घेतले. कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे. काय घडू शकते हे ती दाखविते. काय घडणारच, हे सांगण्याचा अधिकार तिला नाही. मात्र टोंगातील सहा मुले एकमेकांचे मित्र होती आणि गोल्डिंगच्या बेटावरची मुले बहुतांशी अनोळखी होती, हा भेदही न्यायाने नोंदविला पाहिजे.

आता आपल्या माधवरावांकडे वळू. रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी ती असेल. पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे तुम्ही शालान्त परीक्षेची तयारी करता त्या वयात, ज्याच्यावर राज्याचा भार पडला अशा तरुणाची ही कथा. त्याची अडचण मोठी विलक्षण होती. पदाने तो धनी, परंतु वयाने काकांचा पुतण्या. ज्यांना आज्ञा करावयाची त्यांच्याच पायांवर मस्तक ठेवावयाचे! १७६२ साली आळेगाव येथे घरचाच कलह युद्धावर आला, तेव्हा माधवराव स्वतः होऊन रघुनाथरावांच्या स्वाधीन झाले. आणि पुढे १७६८ साली धोडप येथे त्याच काकांचा पराभव करून त्यांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. आधीची नम्रता आणि नंतरचा कठोरपणा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी पटवून देणे, हे कादंबरीकाराचे काम. आम्हांस विचाराल तर 'स्वामी'त घरातील, विशेषतः रमाबाईंच्या संबंधातील माधवराव अधिक रंगले आहेत, दरबारातले थोडे कमी.

रामशास्त्री प्रभुण्यांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. शास्त्रीबुवा कामानिमित्त गेले असता पेशवे जपजाप्यात निमग्न होते. भेट झाली नाही. शास्त्रीबुवांनी रजा मागितली, आणि स्नानसंध्याच करावयाची तर राज्य सोडून गंगातीरी चलावे, राज्य करावयाचे तर प्रजेचे काम आधी, असे धन्याला तोंडावर सांगितले. आपण या गोष्टीत नेहमी रामशास्त्र्यांचे धैर्य वाखाणतो. परंतु माधवरावांनी ते ऐकले, ही गोष्टही तितकीच दुर्मिळ नव्हे काय? तेच रामशास्त्री १७७३ साली नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथरावांसमोर उभे राहिले आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगते झाले. तेथे ऐकणारे कोणी नव्हते. शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीविषयी थोडक्यातच सांगतो, कारण ती प्रत्येकाने मुळातूनच वाचावयाची आहे. दुष्काळात गावकुसाबाहेरची माणसे अन्नावाचून मरत असता फकिरा कोठारातील धान्य लुटून त्यांना वाटतो. सरकारच्या लेखी तो दरोडेखोर. त्याला कोणी वस्त्रे दिली नाहीत, शंख दिला नाही. तरी माणसे त्याच्या मागे जातात. का जातात, हे साठे यांना व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही.

शेवटी, लहान इयत्तांतील वाचकांसाठी, हान्स अँडरसनची १८३७ सालातील ती राजाच्या नव्या पोशाखाची गोष्ट. ती सर्वांना अर्धीच आठवते. मूल ओरडते, राजा उघडा आहे, आणि गोष्ट संपते, असा आपला समज. मूळ गोष्ट तेथे संपत नाही. मुलाचे म्हणणे एकाने दुसऱ्याला सांगितले, सारा जमाव तेच म्हणू लागला. राजाच्या अंगावर शहारा आला, कारण ते खरे आहे हे त्यालाही कळले. पण मिरवणूक मध्येच कशी थांबवावी? तो अधिकच ताठ चालू लागला, आणि हुजरे नसलेल्या झग्याचा नसलेला पदर अधिकच घट्ट धरून त्याच्या मागे चालत राहिले.

यंदा नववीच्या वर्गाला आम्ही विचारले की, या सर्व प्रकारात पहिला दोष कोणाचा? बहुतेकांनी ठक विणकरांची नावे घेतली. एक मुलगा म्हणाला, "म्हाताऱ्या प्रधानाचा. राजाने सर्वांत आधी त्यालाच माग पाहावयास पाठविले होते, कारण तो प्रामाणिक म्हणून प्रसिद्ध होता." मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "सर, त्या लहान मुलाला बोलायला काय जाते? त्याला कुठे नोकरी सांभाळायची होती?" वर्ग हसला. आम्ही मात्र हसलो नाही. आम्ही नोकरी सांभाळणारे आहोत. या प्रश्नाला काय उत्तर द्यावे याचा विचार चालला असतानाच एका मुलीने हात वर केला. आम्हांस वाटले, तिला काही सुचले असावे. ती म्हणाली, "सर, फळ्यावर तुम्ही 'अँडरसन'मधला अनुस्वार विसरला आहात."