कॉफी : दोन गुण, तीन दोष

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम हे गाव आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी प्रथम येथे आले, तेव्हा या गावाचे नाव शेगाव असे होते. काय खावे आणि काय प्यावे, हा गांधीजींचा आवडता विचारविषय होय. त्याविषयी ते आयुष्यभर स्वतःवर प्रयोग करीत राहिले.

१९४२ च्या ऑगस्ट महिन्यात सरकारने त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केले. तेथे त्यांनी 'आरोग्याची किल्ली' ही छोटी पुस्तिका गुजरातीत लिहिली. तीत चहा, कॉफी व कोको यांवर एक प्रकरण आहे. निरोगी शरीरास या तिन्ही पेयांची गरज नाही, असे त्यांचे मत होते. कॉफीविषयी लिहिताना त्यांनी लोकांत रूढ असलेल्या एका जुन्या हिंदी वचनाचा आधार घेतला आहे. कॉफीने कफ तुटतो आणि वायू सरतो, हे तिचे दोन गुण. शरीरातील धातू व बळ क्षीण होतात आणि रक्ताचे पाणी होते, हे तीन दोष. असा त्या वचनाचा आशय आहे.

हा हिशेब आजच्या विज्ञानास मान्य होईल काय? सगळाच होणार नाही. बेताने कॉफी पिणाऱ्या प्रौढ माणसांत मधुमेह आणि यकृताचे काही विकार कमी आढळतात, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. कॉफीने बळ क्षीण होते, असेही दिसत नाही. मग तिने तरतरी येते ती कशी? आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व त्यामुळे थकवा जाणवतो. कॉफीतील कॅफीन त्या द्रव्याची जागा अडवून बसते. थकवा नाहीसा होत नाही. त्याची वर्दी तेवढी मेंदूस पोचत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफीन जाण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी सायंकाळी सात वाजता घेतलेली कॉफी मध्यरात्रीही जवळजवळ निम्मी अंगात असते. वाचलेले मनात पक्के होते ते झोपेत, आणि कॉफीने नेमकी तीच हिरावून घेतलेली असते!

रक्ताविषयीचा दोष मात्र विचार करण्याजोगा आहे. कॉफीने रक्ताचे पाणी होत नाही हे खरे. परंतु चहा-कॉफीतील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातील लोह शरीरात शोषू देत नाहीत. लोह कमी पडले की रक्तातील हिमोग्लोबिन घटते, चेहरा फिकट दिसतो व लवकर दम लागतो. ज्वारीची भाकरी, हिरवी भाजी आणि वरण यांवर वाढणाऱ्या मुलामुलींना हा तोटा अधिक. कारण धान्य-भाज्यांतील लोह मुळातच कष्टाने शोषले जाते. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२४ मध्ये असा सल्ला दिला की, जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी घेऊ नये, आणि दिवसभरात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन पोटात जाऊ देऊ नये. १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ते ८० ते १२० मिलिग्रॅम असते, तयार पुडीच्या कॉफीत ५० ते ६५. मुलांसाठी मर्यादा याहून पुष्कळच कमी आहे. वजनाच्या प्रत्येक किलोस ३ मिलिग्रॅम, असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितले. पस्तीस किलो वजनाच्या मुलाची ही मर्यादा गाळलेल्या कॉफीच्या एका कडक पेल्यातच संपते.

गांधीजींनी कॉफीस एक पर्यायही शोधला होता. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर सकाळच्या न्याहारीस पावाबरोबर गव्हाची कॉफी असे. निवडलेले गहू तांबूस-काळसर होईतो भाजावयाचे, दळावयाचे आणि ती पूड उकळत्या पाण्यात टाकावयाची. वर हवे तर दूध-साखर. या कॉफीत कॅफीन मुळीच नसते, त्यामुळे रात्री घेतली तरी झोप मोडत नाही. चवीला मात्र ती कॉफी म्हणावयाची ते केवळ रंगावरून.