हरभऱ्याची आंब आणि बॅटरीतले आम्ल

थंडीच्या दिवसांत पाथर्डीच्या परिसरात हरभऱ्याच्या रानातून अनवाणी चालले की पाय चरचरतात. पाला जिभेवर ठेवला तर आंबट लागतो. याचे कारण, हरभऱ्याच्या पानांवर व घाट्यांवर बारीक लव असते आणि तिच्यातून आंबट द्रव पाझरतो. यालाच ‘आंब’ म्हणतात. पूर्वी शेतकरी रात्री पिकावर स्वच्छ फडके पसरून ठेवत. दवाबरोबर आंब फडक्यात उतरे. सकाळी ते पिळून आंब बाटलीत भरत आणि पोटदुखीवर थोडी थोडी देत.

आंबेत मुख्यतः मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटे अळीची वाढ खुंटते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे आंब हे हरभऱ्याचे स्वसंरक्षणाचे साधन आहे. मात्र ऑक्झॅलिक आम्ल माणसाच्या पोटात जास्त जाणे बरे नव्हे.

आता प्रश्न असा, की आंबही आम्ल आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीतले पाणीही आम्ल. मग एक आपण चाखतो आणि दुसऱ्याने कातडी का भाजते?

जोर आणि तीव्रता

पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजनचे आयन मोकळे करतो, त्याला आम्ल म्हणतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सर्व रेणू पाण्यात आपले हायड्रोजन आयन सोडतात. म्हणून ते जोरकस आम्ल. उलट, शिरक्यातील (व्हिनेगरमधील) ॲसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी जेमतेम चारपाच रेणूच आयन सोडतात. म्हणून ते सौम्य आम्ल.

दुसरी गोष्ट पाण्याच्या प्रमाणाची. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक हे जोरकस आम्लच असते. पण ते शेकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे फार विरल असते. त्याच्यामुळे अन्न पचण्यास मदत होते व अनेक जंतू मरतात. हेच आम्ल तीव्र स्वरूपात बाटलीत असले, तर त्याने जखमा होतात. तेव्हा आम्ल कोणते आणि त्यात पाणी किती, हे दोन्ही पाहावे लागते.

स्वयंपाकघरातील आम्ले

लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक व दह्यात लॅक्टिक आम्ल असते. लोणच्यात मीठ व आम्ल मिळून नासवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाहीत. तांब्यापितळेच्या भांड्यांवरचा काळपट थर चिंचेने निघतो, कारण तो थर आम्लात विरघळतो. याच कारणाने कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की कळकते. धातूचे अंश त्यात उतरतात आणि असे अन्न विषारी ठरते.

उसाच्या रसातील आम्ल

पाथर्डी तालुक्यातून दर वर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडणीला बाहेर पडतात. तोडलेला ऊस लवकरात लवकर गाळावा यासाठी सर्वांची धावपळ असते. ऊस पडून राहिला की त्यातील साखरेचे (सुक्रोजचे) विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. मग साखरेचा उतारा घटतो. ताजा रसही किंचित आम्लधर्मी असतो, आणि आम्ल व उष्णता एकत्र आली की हे विघटन वेगाने होते. म्हणून गुऱ्हाळात रस उकळताना त्यात चुन्याची निवळी घालतात. चुना हा आम्लारी असल्यामुळे आम्लाचे उदासिनीकरण होते आणि गूळ चांगला बसतो.

पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगर येथे श्री वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. आपल्याकडील बहुतेक साखर कारखान्यांत रसात आधी चुना मिसळतात आणि गंधक जाळून मिळवलेला सल्फर डाय-ऑक्साइड वायू सोडतात. हा वायू पाण्यात विरघळून सल्फ्युरस आम्ल बनते. ते जादा चुन्याचे उदासिनीकरण करते आणि रसाचा रंग उतरवते. एका आम्लाला आवरण्यासाठी चुना, आणि चुन्याला आवरण्यासाठी पुन्हा आम्ल!

तीन जोरकस आम्ले

सल्फ्युरिक आम्ल (गंधकाम्ल) वाहनांच्या बॅटरीत असते. तेथे त्याचे प्रमाण शेकडा 35 च्या आसपास असते. सुपर फॉस्फेट खत बनवण्यासही ते लागते. नायट्रिक आम्लात चांदी व तांबे विरघळतात, पण सोने विरघळत नाही; म्हणून सोनार सोने शुद्ध करण्यासाठी ते वापरतात. हायड्रोक्लोरिक आम्ल फरशी व संडास साफ करण्यासाठी विकले जाते.

यांच्याबाबत पुढील नियम पक्के लक्षात ठेवा:

1. विरल करताना पाण्यात आम्ल सावकाश ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. खूप उष्णता निर्माण होऊन आम्ल अंगावर उडते.
2. संडास साफ करण्याचे आम्ल व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.
3. अंगावर आम्ल उडाल्यास भिजलेले कपडे काढावेत, वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटे तो भाग धरावा व दवाखाना गाठावा. सोडा किंवा चुना चोळू नये.
4. सरबताच्या बाटलीत आम्ल ठेवू नये. चुकून कोणी प्यायल्यास उलटी करायला लावू नये. ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

तीव्र आम्ल माणसांवर फेकण्याचे गुन्हेही घडले आहेत. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली त्याच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. 18 वर्षांखालील व्यक्तीला ते विकता येत नाही आणि विकत घेणाऱ्याला ओळखपत्र दाखवावे लागते.

करून पाहा

तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या पांढऱ्या कागदावर चोळा व कागद वाळवा. त्यावर लिंबाचा रस, ताक, चिंचेचे पाणी, साबणाचे पाणी व खाण्याच्या सोड्याचे पाणी यांचा एकेक थेंब टाका. आम्लाने डाग गुलाबी-तांबडा होईल, आम्लारीने हिरवट. हरभरा शेतात असेल तेव्हा आंबेचाही थेंब टाकून पाहा आणि कोणता डाग सर्वांत गडद आला, ते वहीत नोंदवा. बॅटरीतले आम्ल व संडास साफ करण्याचे आम्ल मात्र या प्रयोगासाठी मुळीच घेऊ नका.