‘निश्चिंत राहा’ हे इंग्रजीत लिहिताना

इंग्रजी शिकविताना विद्यार्थ्यांचे अर्ज व पत्रे मला नेहमी वाचावी लागतात. त्यांत एक वाक्प्रयोग हमखास भेटतो : ‘प्लीज बी रेस्ट अश्युअर्ड’. तो उत्तरपत्रिकेपुरताच असता तर एका गुणावर भागले असते. पण नोकरीच्या अर्जांत आणि कचेऱ्यांच्या पत्रांतही त्याने ठाण मांडले आहे, म्हणून हा प्रपंच.

गोंधळ ‘रेस्ट’ने होतो. रेस्ट म्हणजे विश्रांती, हे आपण शाळेत घोकलेले असते. मग ‘रेस्ट अश्युअर्ड’ हे सबंध विशेषणच आहे असे वाटते आणि क्रियापद हवे म्हणून पुढे ‘बी’ चिकटतो. वस्तुतः हा ‘रेस्ट’ निराळा. विश्रांतीचा रेस्ट जुन्या इंग्रजीतला, घरचा. हा दुसरा लॅटिन ‘रेस्तारे’पासून फ्रेंचमार्गे आलेला पाहुणा, आणि त्याचा अर्थ ‘राहणे’. ‘द रेस्ट’ म्हणजे उरलेले, हा त्याचाच भाऊबंद. जुन्या इंग्रजी पत्रांच्या शेवटी ‘आय रेस्ट, युवर्स’ असे लिहीत, ते काही लिहून दमल्यामुळे नव्हे!

म्हणजे आपले ‘निश्चिंत राहा’ आणि ‘रेस्ट अश्युअर्ड’ यांची घडण एकच : राहा आणि रेस्ट, निश्चिंत आणि अश्युअर्ड. कानडी मित्र ‘निश्चिंतेयिंद इरि’ म्हणतात, तेथेही क्रियापद एकच. ‘बी रेस्ट अश्युअर्ड’ म्हणजे ‘निश्चिंत राहा व्हा’. ‘बी अश्युअर्ड’ लिहावे किंवा ‘रेस्ट अश्युअर्ड’. दोन्ही एकदम नकोत. ‘यू मे रेस्ट अश्युअर्ड’ मात्र निर्दोष, कारण ‘मे’ सहायक आहे. शेवटचा ‘ड’ बोलताना पुढच्या ‘दॅट’मध्ये बुडतो, त्यामुळे काहीजण ‘रेस्ट अश्युअर’ असेच लिहितात. तो ‘ड’ लिहिलाच पाहिजे.

याहून नाजूक प्रश्न आहे तो कोणी कोणाला लिहावे हा. शुल्कासाठी मुदत मागणाऱ्या एका अर्जात प्राचार्यांना लिहिले होते, ‘रेस्ट अश्युअर्ड, आय विल पे’. व्याकरण चोख, पण हा आज्ञार्थ आहे. मुदत मागणाऱ्यानेच वडीलधाऱ्याला ‘तुम्ही निश्चिंत राहा’ म्हणायचे, हे मराठीतही खटकेल. एवढ्यावरून अर्ज वाचणाऱ्याचे मन विटले, तर नुकसान मुलाचे. तेथे ‘आय अश्युअर यू, सर, दॅट आय शॅल पे बाय द टेन्थ’ हे शोभते.

या वाक्यातला ‘यू’ गाळू नये. आपण मराठीत ‘मी खात्री देतो की’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजी ‘अश्युअर’ला खात्री कोणाला, हे सांगावे लागते. म्हणून ‘आय अश्युअर दॅट’ लंगडे, आणि ‘आय अश्युअर टू पे’ तर चुकीचेच. माणसाचा उल्लेख टाळायचाच असेल तर सरळ ‘आय प्रॉमिस टू पे’ लिहावे. आणि खात्री द्यायची नसून एखादी गोष्ट घडेल अशी तजवीज करायची असेल, तर शब्द ‘एन्श्युअर’.