आधी नळदुर्ग, मग लिस्बन

अगं, रात्री पाठवलास तो तक्ता सकाळी चहा घेता घेता नीट वाचला. पोर्तो, लिस्बन, सेव्हिल, ग्रॅनाडा, कॉर्डोबा, माद्रिद, बार्सिलोना आणि सगळं बारा दिवसांत! प्रत्येक शहरापुढे खर्च युरोत, शेजारी रुपयांत, खाली दुहेरी रेघ मारून बेरीज. जावईबापूंचं काम दिसतंय, झेडपीच्या मास्तरांशिवाय इतकं सुबक कोण मांडणार! बेरीज बरोबर आहे. फक्त तुमचं भांडण कोणत्या शहरात होणार, तेवढा रकाना राहून गेलाय.

हसू नकोस. बारा दिवसांत सात शहरं म्हणजे सहा वेळा सॅक भरायची, सहा वेळा स्टँड शोधायचं, सहा वेळा खोलीची किल्ली मिळेपर्यंत ताटकळायचं. पहिल्यांदा बार्सिलोनावर काट मार. ते एका बाजूला पडतं, महागही आहे. पोर्तोला उतरा, माद्रिदहून परतीचं विमान धरा, म्हणजे आलेल्या वाटेनं मागं जायला नको. पोर्तो ते लिस्बन रेल्वेनं तीन तास, तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त. लिस्बन ते सेव्हिल मात्र थेट रेल्वे नाही. नकाशावर दोन बोटांचं अंतर दिसतं म्हणून फसायला होतं. रात्रीची बस घ्या, एका मुक्कामाचं भाडं वाचतं. आपण धाराशिवहून पुण्याला रात्रीच्या गाडीनं जातो तसंच. आणि सीमा ओलांडली की घड्याळ एक तास पुढं, हे पहाटे सेव्हिलला उतरताना लक्षात असू दे.

पण हे सगळं नंतर. त्याआधी माझं एक ऐक. पावसाळ्यात चार दिवस काढा आणि पाठीवर सॅक घेऊन आपलाच जिल्हा फिरा. एसटीनं. भावजींची गाडी मागायची नाही, आणि मुख्य म्हणजे कुणा मामा-मावशीकडे उतरायचं नाही. हे दुसरं जास्त अवघड आहे, कारण आपल्याकडे भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत एक गाव सोयऱ्याशिवाय नाही. पण सोयऱ्याकडे उतरलं की पाहुणचार होतो, प्रवास होत नाही. तुला एसटीत अर्धं तिकीट आहेच, जावईबापूंचं पूर्ण. महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही चार दिवसांचा मिळतो. कोणतं स्वस्त पडतं ते त्यांना मांडू दे, आवडीचं काम आहे.

तुळजापूरला लग्नानंतर जोडीनं गेलातच, पण तेव्हा जीपभर माणसं होती. आता दोघंच जा. आपल्या आजी-आजोबांचा स्वस्तातला प्रवास असाच असायचा: वळकटी, फडक्यात भाकरी, मुक्काम पुजाऱ्याच्या घरी. कोजागरीला सोलापूरहून चालत येणारे लोक अजून तसेच येतात, पाठीवर जेवढं पेलवतं तेवढंच घेऊन. सॅकेत काय भरायचं ते त्यांच्याकडून शिकावं. देवळाच्या पायऱ्या सॅकेसकट उतर आणि चढ. वर येईस्तोवर नको असलेल्या वस्तूंची नावं तुझी तुलाच सुचतील. लिस्बन सगळं चढ-उताराचं आहे, पदपथ बारीक घोटीव दगडांचे, पावसात निसरडे. तिथं चाकांची बॅग ओढणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत.

मग नळदुर्ग. बोरी नदी भरून वाहत असेल तेव्हाच जा. कोरड्या सालात नुसती भिंत बघून यावं लागतं. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, किल्ल्यातच नदीवर बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पाणी चढलं की बंधाऱ्यावरून दोन धारा कोसळतात, नर आणि मादी. बाहेरून सगळेच फोटो काढतात. तू पायऱ्या उतरून आत जा. डोक्यावरून नदी जातेय, समोर पाण्याचा पडदा, कानठळ्या बसणारा आवाज, आणि आपण मात्र कोरडे. खिडकीच्या दगडावर हात ठेवला तर थरथर लागते. तिथं शेजारच्या माणसाशी बोलताच येत नाही, आणि मला विचारशील तर ते चांगलंच आहे.

कारण तुला खरं सांगू, तुझे दाजी आणि मी तिकडे युरोपात फिरलो तेव्हा पैशांवरून फारसं वाजलं नाही. वाजलं ते वेगावरून. त्यांना प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची असते, मला बाजार बघायचा असतो. नळदुर्गात तुम्हाला हेच कळेल. जावईबापू उपळ्या बुरुजावर चढून तोफा मोजत बसतील, कर्नल मेडोज टेलर 1853 नंतर या भागाचा कारभार बघायचा, तो कुठं राहायचा ते शोधतील. तुझे पाय तोवर बोलायला लागलेले असतील. अशा वेळी तोंड फुगवून मागं मागं चालायचं नाही. ‘मी इथं बसते, तुम्ही तासाभरानं या,’ असं सरळ म्हणायचं. हे वाक्य नळदुर्गात जिभेवर आलं की माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सहज येतं. तिथं रोज शेवटचे दोन तास प्रवेश फुकट असतो. दोघांनी दोन दालनं धरली तरच तेवढ्यात काही बघून होतं.

तेरला संत गोरोबाकाकांचं दर्शन घेऊन लामतुरे संग्रहालयात जा, घाई करू नका. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात आपल्या तेरचा उल्लेख ‘तगर’ म्हणून आहे. इथला माल बैलगाड्यांवरून भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून रोमन जगात. तेरला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीसारखीच एक इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. तेव्हा ‘आमच्याकडून कोण जातं एवढ्या लांब’ असं म्हणणाऱ्या आत्याबाईंना काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

आता कागदपत्रं. कंटाळवाणी आहेत, पण इथं आळस नको. दोन्ही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो, आणि जिथं रात्री जास्त तिथल्या वकिलातीकडे अर्ज करायचा. तुमच्या बेतात स्पेन जास्त भरतंय. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. मोठ्या माणसाची फी जून 2024 पासून 90 युरो आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. जावईबापूंना परदेशी जायला खात्याची परवानगी लागेल. तो कागद टेबलाटेबलांवरून फिरत येतो, म्हणून तो सगळ्यात आधी टाका. बँकेच्या उताऱ्यावर शेवटच्या आठवड्यात उसने आणलेले दोन लाख दिसता कामा नयेत, ते लगेच डोळ्यांवर येतात. सासऱ्यांच्या सोयाबीनची पट्टी तुमच्या खात्यावर जमा होत असेल तर पट्टी आणि सातबारा जोडा, पैसा कुठून आला ते कळू द्या. आणि 2023 मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं, त्यामुळे तुझ्या जुन्या कागदांवर उस्मानाबाद आणि नव्यांवर धाराशिव आहे. सोबतच्या पत्रात एक ओळ लिहून टाक की दोन्ही एकच. तिकडच्या साहेबाला ते ठाऊक असायचं काही कारण नाही.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जाल तेव्हा दुपार मोकळी ठेवा आणि लोकल पकडून वसईच्या किल्ल्यात जा. 2020 च्या जानेवारीत आपल्याकडे साहित्य संमेलन भरलं होतं, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे. 1534 पासून चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेईपर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. किल्ल्याच्या आत त्यांचं अख्खं शहर होतं. आता चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि वर आभाळ.

हे एवढ्यासाठी सांगतेय की लिस्बनमध्येही असंच एक चर्च बघशील, कार्मोचं. छप्पर नाही, नुसत्या कमानी. 1 नोव्हेंबर 1755 ला सकाळी, सगळ्या संतांच्या सणाच्या दिवशी, लोक प्रार्थनेला जमलेले असताना भूकंप झाला. मग समुद्र आत आला, मग आग लागली. बाकीचे प्रवासी तिथं कमानींचे फोटो घेत होते आणि मला आपल्याकडचं सास्तूर आठवत होतं. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. तू जन्मली नव्हतीस. मी लहान होते, पण त्यानंतर कितीतरी दिवस आई आम्हाला अंगणात झोपवायची ते लख्ख आठवतं. कार्मोवरून खाली उतरलीस की बायशा भाग लागतो, सरळ रेषेत आखलेले रस्ते, एका मापाच्या इमारती. भूकंपानंतर पोंबालच्या मार्क्विसनं तो नव्यानं वसवला, भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घालून. आपल्याकडच्या पुनर्वसित गावांतही गल्ल्या अशाच सरळ आखल्या, आणि म्हाताऱ्या माणसांना आपलं घर सापडेना, शेजार मोडला. लिस्बनच्या आज्यांना तेव्हा काय वाटलं असेल, कोण जाणे.

बरं, खाण्याचं. तू अंडं-मासे खातेस, तुझी काळजी नाही. जावईबापू माळकरी. पोर्तोमध्ये हिरव्या पाल्याचं सूप मिळतं, काल्दो वेर्दे, दिसायला अगदी सात्त्विक. पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते. स्पेनचा बटाट्याचा जाड तोर्तिया अंड्याचा. बेलेमचा तो प्रसिद्ध क्रीमचा टार्ट, 1837 पासून एकाच दुकानात होतोय, त्यातही पिवळा बलक. म्हणजे त्यांच्या वाटचाही तुलाच. त्यांच्यासाठी सेव्हिलला पालक-हरभऱ्याची भाजी आहे, टोमॅटो चोळलेला पाव आहे, चीज, फळं, आणि दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर लिस्बनच्या चौकाचौकात भाजलेले चेस्टनट. शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. कुंथलगिरीचा पेढा मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे.

आणि एक गंमत ध्यानात ठेव. पोर्तुगालात टेबलाशी बसलीस की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज पुढ्यात येतं. आपल्याला वाटतं पाहुणचार. तो बिलात येतो. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, कुणी वाईट मानत नाही. दुपारी पोटभर जेवा, स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारचं ठरलेलं जेवण रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, आणि रात्री नऊच्या आत तिथं चुली पेटतच नाहीत म्हण. संध्याकाळी सुपरमार्केटमधून पाव-दही आणून खोलीवर खायचं. कार्ड घासताना यंत्र रुपयांत घेऊ का विचारतं, तिथं युरोच दाब. रुपयांचा भाव ते त्यांच्या मनानं लावतात.

काटकसर कुठं करायची नाही तेही सांगते. ग्रॅनाडाच्या अल्हंब्राचं तिकीट पासपोर्टवरच्या नावानं, राजवाड्याच्या ठरलेल्या वेळेचं निघतं आणि आठवडे आधी संपतं. व्हिसा हातात पडला की तेच पहिलं काढ. कॉर्डोबाची मशीद मात्र रविवार सोडून सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट बघता येते, तेव्हा गर्दीही नसते.

आणि खोली. तक्त्यात सगळीकडे आठ खाटांच्या हॉलमधल्या दोन खाटा लिहिल्यात. बाई गं, स्वस्त आहे ते खरं. पण नवराबायको वरच्या-खालच्या खाटेवर, मध्ये अनोळखी घोरणं, आणि दिवसभराचं काही बोलायचं तर कुजबुजत. तुझ्या सासरी तीन खोल्यांत सात माणसं. दोघांना एकमेकांशी निवांत बोलायला मिळावं म्हणून तर निघालायत ना? दर दोन मुक्कामांनंतर एक आपली वेगळी खोली घ्या, दार लावता येईल अशी. त्या पैशाला मी उधळपट्टी म्हणणार नाही, आणि जावईबापूंनी म्हटलं तर माझं नाव सांग.

सासूबाईंना तिकिटं काढायच्या आधी सांग, आणि तूच सांग, त्यांच्या लेकाला पुढं करू नकोस. आकडा विचारतील. खरा सांग. कमी करून सांगितलेला आकडा पुढं कुठल्या तरी लग्नात बाहेर पडतोच.

सॅक विकत घेऊ नका. दोन्ही माळ्यावर आहेत, रविवारी येऊन घेऊन जा. दाजींच्या सॅकची चेन अडकते, तिला मेणबत्ती घासावी लागते.