सूर्यावरील डाग व जंबुपार किरण

सूर्यबिंबावर काळे डाग वाढले, म्हणजे सूर्याचें तेज वाढेल कीं घटेल? हा प्रश्न आम्ही वर्गांत पुष्कळदां विचारतों, आणि "घटेल" हें उत्तर तत्काळ मिळतें. अनुमान सयुक्तिक दिसतें. परंतु तें खरें नव्हे.

सूर्यपृष्ठाचें उष्णमान सुमारें ५,५०० अंश सेंटिग्रेड आहे. डाग त्याहून बरेच थंड, म्हणून ते काळे भासतात. डागांत प्रबळ चुंबकत्व असतें, हें अमेरिकन ज्योतिषी जॉर्ज हेल ह्यांनीं सन १९०८ मध्यें माउंट विल्सन वेधशाळेंत दाखवून दिलें. हें चुंबकत्व खालून येणारी उष्णता अडवितें. परंतु डागांच्या आसपास तेंच चुंबकत्व बारीक धाग्यांप्रमाणें विखुरलेलें असतें. तेथें पृष्ठावर तेजस्वी ठिपके उमटतात, व त्यांवरील विरळ वायूचा थर अधिक तापतो.

जांभळ्या रंगापलीकडील, डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांस जंबुपार किरण म्हणतात. त्यांपैकीं अत्यंत आखूड लहरींचे किरण ह्याच वरच्या थरांतून निघतात. सुमारें ११ वर्षांच्या चक्रांत डाग अधिकांत अधिक होतात, तेव्हां सूर्याचें एकंदर तेज हजारांत एका भागानेंच वाढतें. पण तेथील हायड्रोजन वायूचा मुख्य जंबुपार किरण दीडपट किंवा त्याहूनही प्रखर होतो.

ह्याचा परिणाम पृथ्वीवर होतो. जंबुपार किरणांनीं प्राणवायूचे रेणू फुटून ओझोन बनतो. म्हणून ते वाढले कीं ओझोनही किंचित् वाढतो. शिवाय फार उंचावरील हवा तापून फुगते. सन १९७३ मध्यें सोडलेली 'स्कायलॅब' ही अमेरिकन अंतराळशाळा ह्या फुगलेल्या हवेच्या घर्षणानें अपेक्षेहून लवकर खालीं आली, आणि ११ जुलै १९७९ रोजीं तिचे तुकडे हिंदी महासागरांत व पश्चिम ऑस्ट्रेलियांत पडले.

हे किरण वातावरणांत बहुतांशीं शोषले जातात. म्हणून त्यांचे वेध अंतराळांतूनच घ्यावे लागतात. २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघालेल्या भारतीय 'आदित्य-एल१' यानावरील जंबुपार दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या पुढाकारानें तयार झाली, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

विद्यार्थ्यांनीं दुर्बिणींतून सूर्याकडे कदापि पाहूं नये. शिक्षकांकडून त्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून घ्यावी. तींत काळे ठिपके पुष्कळ दिसले, तर सूर्य मंदावला असें न समजतां, तो अधिक प्रखर झाला आहे, हें ध्यानीं ठेवावें.