झऱ्याचे पाणी येते कोठून?

बालमित्रांनो आणि आमचे भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकहो,

त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. गोदावरी नदी याच डोंगरावर उगम पावते आणि १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. श्रावणातल्या सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, हजारो माणसे या डोंगराला फेरी घालतात. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरांची आहे. ही वाट फार जुनी. विठ्ठलपंत मुलाबाळांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले, असे परंपरेने सांगतात.

या फेरीच्या वाटेला लागून, एका पाड्याजवळ, पिण्याच्या पाण्याचा एक झरा आहे. परिसर अभ्यासासाठी आमचा वर्ग तेथे दोनदा गेला. पहिल्यांदा श्रावणात, फेरीनंतर चार दिवसांनी. दुसऱ्यांदा आता चैत्रात. पाहिले, मोजले, विचारले, ते सर्व येथे लिहीत आहे.

झरा कसा आहे?

उंबराच्या झाडाखाली कातळाला एक आडवी फट आहे. तिच्यातून पाणी येते आणि दगडी डोणीत पडते. डोणीत जेमतेम दहा हंडे पाणी मावते. ती भरली की बाकीचे पाणी ओहळाने निघून जाते. उंबर तेथे उगाच नाही बरे का! वराहमिहिरांनी सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ हा ग्रंथ लिहिला. त्यात जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा दिल्या आहेत. त्या खुणांमध्ये जांभूळ आणि उंबर ही झाडे आहेत.

फेरीवाल्यांना हे पाणी एका दिवसाचे, पण पाड्याला मात्र बारा महिन्यांचे. पाड्यावर दीडशे माणसे राहतात.

पाणी येते कोठून?

आमच्यातले काहीजण म्हणाले, “जमिनीतून येते.” बाई म्हणाल्या, “बरोबर, पण जमिनीत कोठून येते?”

आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. भाकरीची चवड असते ना, अगदी तसे. पण सगळे थर सारखे नाहीत. काही थर घावनासारखे जाळीदार, काही भेगाळलेले. त्यांत पाणी मुरते. काही थर अखंड कातळाचे. काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या चिकण मातीचा पट्टा असतो. त्यांतून पाणी सहजासहजी खाली जात नाही.

पावसाचे पाणी वरच्या उतारावर मुरते. मुरत मुरत अखंड थरापर्यंत येते. खाली वाट मिळत नाही, म्हणून आडवे सरकते. जेथे डोंगराच्या कडेला तो थर उघडा पडतो, तेथे ते बाहेर येते. यालाच आपण झरा म्हणतो.

म्हणजे झरा हा फक्त पाण्याचा दरवाजा आहे. पाण्याचे घर वर, डोंगराच्या उतारावर आहे.

आमचा हिशोब

आम्ही १५ लीटरची बादली आणि घड्याळ नेले होते. श्रावणात बादली १ मिनिटात भरली. चैत्रात तीच बादली भरायला ६ मिनिटे लागली. त्यावरून हिशोब असा झाला.

श्रावण : तासाला ९०० लीटर, दिवसरात्र मिळून २१,६०० लीटर.
चैत्र : तासाला १५० लीटर, दिवसरात्र मिळून ३,६०० लीटर.

जल जीवन मिशन ही योजना २०१९ साली सुरू झाली. तिच्यात दर माणशी रोज ५५ लीटर पाणी धरले आहे. दीडशे माणसांना रोज ८,२५० लीटर लागेल. म्हणजे श्रावणात झरा गरजेच्या अडीचपटीहून अधिक पाणी देतो, आणि चैत्रात फक्त ६५ माणसांपुरते. वैशाख तर अजून यायचाच आहे!

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. चैत्रातही झरा रात्री झोपत नाही. संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंत १० तासांत १,५०० लीटर पाणी येते. पण डोणी लहान, त्यामुळे ते बहुतेक वाहून जाते. आणि सकाळी आया-बहिणी हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. आमच्या वर्गातली एक मैत्रीण त्याच पाड्यावरची आहे. चैत्र लागल्यापासून तिची शाळेची पहिली घंटा रोज चुकते. त्याचे कारण आम्हाला त्या दिवशी समजले.

झऱ्यावर एक म्हातारी आजी भेटली. मी विचारले, “आजी, पाणी पहिल्यापासून एवढंच हाय का?” ती म्हणाली, “न्हाई गं बाय. माझं लगीन झालं तवा जेठातबी डोण भरून वाहायची. वरच्या अंगाला झाडी व्हती दाट. आता उघडं पडलंय समदं. पाऊस पडतो न् तसाच धावत खाली जातो.”

बाई म्हणाल्या, “पुस्तकात आहे तेच आजींनी सांगितलं.”

काळी बाटली

श्रावणात पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते. बाईंनी ग्रामपंचायतीकडून पाणी तपासायची छोटी बाटली आणली होती. तिच्यात पाणी भरून, झाकण घट्ट लावून वर्गात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी काळेकुट्ट झाले! पाणी काळे झाले तर त्यात घाण मिसळली आहे, ते तसेच पिऊ नये, असे समजायचे.

झऱ्यात तर कोणी घाण टाकली नव्हती. मग आम्ही वर चढून पाहिले. फेरीच्या दिवशी लोक वरच्या उतारावर शौचाला बसले होते. पत्रावळी, प्लास्टिकचे पेले सगळीकडे पडले होते. पावसाने ती घाण मुरत मुरत खाली आली. चैत्रात बाटली काळी झाली नाही. पण एकदा झाली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. पावसाळ्यात तर पाणी उकळून गार करूनच प्यावे.

पाहा, पाणी आटते त्याचे कारण वर, आणि पाणी नासते त्याचेही कारण वरच! आपण मात्र डोणी तेवढी घासून ठेवतो.

काय करता येईल?

१. झऱ्याच्या वरच्या उतारावर कोणी शौचाला बसू नये. फेरीच्या दिवशी फिरती शौचालये झऱ्यापासून दूर, खालच्या अंगाला ठेवावीत.
२. उतारावर आडवे चर खणावेत, म्हणजे धावणारे पाणी थांबेल आणि मुरेल. तेथे झाडे लावून ती जगवावीत.
३. झऱ्याचे तोंड फोडून मोठे करू नये. त्याने पाणी वाढत नाही. उलट ते दुसरीकडे वळण्याची भीती असते.
४. डोणीच्या खाली झाकणाची टाकी बांधून तिला तोटी लावावी. रात्रीचे १,५०० लीटर पाणी साठेल आणि पहाटेची रांग कमी होईल.
५. दर महिन्याला बादली आणि घड्याळ घेऊन पाणी मोजावे व वहीत लिहावे. हे काम आमचा वर्ग करणार आहे.

पालकहो, १ मे रोजी ग्रामसभा आहे. टाकीचा आणि चरांचा विषय तेवढा मांडा. हिशोबाची वही आम्ही देऊ.

करून पाहा

पत्र्याच्या डब्यात तळाशी चिकण मातीचा चार बोटे थर दाबून बसवा. वर वाळू भरा. मातीच्या थराच्या लगेच वर डब्याला खिळ्याने भोक पाडा. वाळूवर हळूहळू पाणी ओता. ओतणे थांबवल्यावरही भोकातून पाणी येत राहील. हाच तुमचा झरा! आता वाळूवर ताटली ठेवून तेवढेच पाणी ताटलीवर ओता. बरेचसे पाणी बाहेर सांडेल आणि झरा बारीक होईल. असे का होते ते वहीत लिहा.

सांगा पाहू

१. १५ लीटरची बादली भरायला १० मिनिटे लागली, तर दिवसरात्र मिळून किती लीटर पाणी येईल?
२. ते पाणी किती माणसांना पुरेल?
३. तुमच्या पाड्याजवळच्या झऱ्याच्या वरच्या उतारावर काय आहे? एकदा चढून पाहून या.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी