टर्बोचार्जर : वाया जाणाऱ्या उष्णतेचा सदुपयोग

डिझेल एंजिनात जळणाऱ्या इंधनाची सर्वच उष्णता कामी येत नाही. स्थूलमानाने पाहता साध्या एंजिनात या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो, जवळजवळ तितकाच भाग थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातो आणि उरलेला धुराड्यावाटे आकाशात विरतो. मालवाहू जहाज असो, कारखान्यातील वीजजनित्र असो वा रेल्वेचे एंजिन असो, धुराड्यातून जाणारी ही उष्णता म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या इंधनाचाच अंश होय. त्यातील काही भाग परत मिळवून एंजिनाच्याच सेवेस लावणारे साधन म्हणजे टर्बोचार्जर. हा लाभ मोठा आहे. परंतु तो टिकतो नियमित निगेवर.

अधिक हवा, अधिक शक्ती

एक किलोग्रॅम डिझेल पूर्णपणे जळण्यासाठी किमान साडेचौदा किलोग्रॅम हवा लागते. प्रत्यक्षात याहून बरीच अधिक हवा द्यावी लागते. सिलिंडरचे आकारमान ठरलेले असल्याने त्यात मावणारी हवाही मर्यादित असते. हवा न वाढविता केवळ इंधन वाढविले, तर ते अर्धवट जळते, काळा धूर येतो आणि एंजिन तापते. म्हणून शक्ती वाढविण्याचे दोनच मुख्य मार्ग उरतात : एंजिनाचा आकार किंवा वेग वाढविणे, अथवा त्याच सिलिंडरात हवा दाबून भरणे. दाबून हवा भरणारा पंप एंजिनाच्या दंडावर चालविला, तर मिळालेल्या शक्तीचा काही भाग त्यातच खर्च होतो. हा पंप निष्कास वायूंच्या शक्तीवर चालविता येईल, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने मांडली आणि १९०५ मध्ये तिचे जर्मन पेटंट घेतले.

कल्पना साधी असली, तरी ती व्यवहारात येण्यास सुमारे वीस वर्षे लागली. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या एंजिनांना १९२० नंतरच्या दशकात टर्बोचार्जर बसविण्यात आले, तेव्हा प्रत्येक एंजिनाची शक्ती १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढली. सागरी वाहतुकीत या साधनाचा पाया येथे घातला गेला. भारतीय रेल्वेवर १९६२ पासून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या एंजिनांतही टर्बोचार्जरच्या साहाय्याने १६ सिलिंडरांतून २,६०० अश्वशक्ती मिळविली जात असे.

रचना व कार्य

टर्बोचार्जरमध्ये एकाच दंडाच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. एका टोकाला टर्बाइन आणि दुसऱ्या टोकाला संपीडक. सिलिंडरमधून बाहेर पडणारे तप्त वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळून दंड फिरवितात. त्याबरोबर फिरणारा संपीडक बाहेरची हवा ओढून, दाबून एंजिनाकडे पाठवितो. मोठ्या यंत्रांत हा दंड मिनिटाला हजारो फेरे घेतो, तर लहान यंत्रांत फेऱ्यांची संख्या एक लाखाच्याही पुढे जाते.

हवा दाबली की ती तापते. तीस अंश सेल्सिअस तापमानाची हवा तिप्पट दाबापर्यंत नेली, तर तिचे तापमान सुमारे १७० अंशांपर्यंत पोहोचते. तापलेली हवा विरळ होत असल्याने दाबाचा निम्मा लाभ वाया जाऊ शकतो. म्हणून संपीडक व एंजिन यांच्यामध्ये पाण्याने थंड होणारा शीतक बसवितात. तापमान ४५ अंशांवर आणल्यास त्याच दाबाला हवेची घनता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढते. मात्र पावसाळ्यात मुंबईसारख्या बंदराजवळील दमट हवा थंड होताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. मोठ्या जहाजाच्या एंजिनात हे पाणी दिवसाला कित्येक टन साचू शकते. ते वेगळे करून बाहेर काढले नाही, तर सिलिंडरवरील वंगणाचा थर धुतला जाऊन दट्ट्याची कडी व सिलिंडर लवकर झिजतात.

दोन धावांच्या एंजिनांचा प्रश्न

मोठ्या जहाजांच्या दोन धावांच्या एंजिनात हवा ओढून घेणारी स्वतंत्र धाव नसते. जळालेले वायू ताज्या हवेनेच ढकलून बाहेर काढावे लागतात. एंजिन सुरू करताना व कमी भारावर निष्कास वायूंत टर्बाइन पुरेसे फिरविण्याइतकी शक्ती नसते. त्यामुळे अशा एंजिनांत टर्बोचार्जरचा प्रसार उशिरा झाला. १९५२ मधील ‘डॉर्थे मर्स्क’ हे तेलवाहू जहाज या मार्गावरील पहिले ठरले. त्याच्या एंजिनाची शक्ती ५,५३० वरून ८,००० अश्वशक्ती झाली. कमी भारावर हवा पुरविण्यासाठी आजही अशा एंजिनांना विजेवर चालणारे साहाय्यक पंखे जोडलेले असतात. आजच्या अशा मोठ्या एंजिनांत इंधनातील निम्म्याच्या आसपास उष्णता उपयुक्त कार्यात उतरते. त्यात टर्बोचार्जरचा वाटा महत्त्वाचा आहे.

निगा हीच बचत

हवेची गाळणी, शीतक किंवा टर्बाइनची पाती काजळीने भरली की एंजिनाला मिळणारी हवा घटते. हवेचा दाब नेहमीपेक्षा कमी आणि निष्कासाचे तापमान नेहमीपेक्षा जास्त, ही त्याची पहिली खूण होय. या खुणेकडे दुर्लक्ष झाले, तर त्याच कामाला अधिक इंधन लागते. हवेचा प्रवाह फार अडल्यास ती संपीडकातून धडधडत उलटी फिरते व धारव्यांना हादरे बसतात. म्हणून या दोन नोंदी ठरावीक वेळी वहीत लिहून मागील नोंदींशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

टर्बाइन स्वच्छ करण्यासाठी अक्रोडाच्या कवचाची भरड वायूंच्या प्रवाहात सोडतात. पाण्याने धुवावयाचे असल्यास एंजिनाचा भार आधी कमी करावा लागतो, कारण लालबुंद पात्यांवर एकदम पाणी पडल्यास त्यांना तडे जाण्याचा धोका असतो. वंगणाचीही तितकीच काळजी घ्यावी लागते. एंजिन थांबल्यावरही दंड काही वेळ फिरतच राहतो. म्हणून पूर्ण भारावरील जनित्र तत्काळ बंद न करता काही मिनिटे भाराविना चालू ठेवतात.

किनाऱ्याजवळ वादळात सापडलेल्या जहाजाला किंवा वीज गेल्यावर रुग्णालयाच्या जनित्राला ऐनवेळी पूर्ण शक्ती लागते. ती मिळणे वा न मिळणे हे पुष्कळदा आदल्या महिन्यात स्वच्छ केलेल्या गाळणीवर अवलंबून असते. इंधनाची बचत आणि माणसांची सुरक्षितता या दोन्ही दृष्टींनी एंजिनघरातील नोंदवही नियमाने भरणारा कर्मचारी म्हणूनच यंत्राच्या रचनाकाराइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.